दप्तराची किल्ली आणि दप्तरदाराची लेखणी

इ. स. १५९५ साली पोर्तुगालच्या राजाज्ञेने गोव्यात राज्यकारभाराच्या कागदपत्रांचा एक स्वतंत्र दप्तरखाना उघडण्यात आला आणि त्याचा पहिला रक्षक म्हणून दियोगो दो कौतो या गृहस्थाची नेमणूक झाली. पणजी येथील पुराभिलेखागाराची परंपरा त्या दप्तरखान्यापर्यंत मागे जाते. कौतो हा नुसता रक्षक नव्हता. पूर्वेकडील पोर्तुगीजांच्या कारभाराचा इतिहास तो ‘दशके’ या नावाने लिहीत होता. तो आजारी असताना त्याच्या आठव्या व नवव्या दशकाची हस्तलिखिते चोरीस गेली. राज्याचे दप्तर ज्याच्या हवाली, त्याच्याच हातचे कागद नाहीसे झाले, आणि पुढे केवळ स्मरणाच्या आधारे त्या दोन्ही भागांचा संक्षेप त्याला पुन्हा लिहून काढावा लागला.

या गोष्टीला चारशेहून अधिक वर्षे लोटली. रुमालात बांधलेल्या कागदांच्या जागी आता संगणकातील डेटाबेस आला आहे. डेटाबेस म्हणजे ठरावीक रकान्यांच्या तक्त्यांत मांडलेली, परस्परांशी जोडलेली आणि मागताक्षणी शोधून काढता येईल अशी माहिती. ही मांडणी कशी असावी याचे शास्त्र एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून पुढे आले. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, जन्ममृत्यूची नोंद, विद्यार्थ्यांचे गुण हे सारे आज अशा तक्त्यांत बसलेले आहे. या तक्त्यांची देखभाल करणाऱ्यास डेटाबेस प्रशासक म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर तो दप्तरदार. त्याचे काम कोणास दिसत नाही. उतारा वेळेवर हाती पडला तर त्याची आठवण कोणी काढीत नाही. पडला नाही तर मात्र ‘मशीन बंद आहे’ एवढेच खिडकीवरून ऐकू येते.

या दप्तरदाराच्या हाती नेमके काय असते, याची कल्पना ग्रामस्थांना असणे अगत्याचे आहे. ज्या शेतकऱ्याच्या नावावर चार गुंठे जमीन आहे, त्याची मालकी व्यवहारात एका ओळीवर उभी असते. त्या ओळीतील नाव बदलले, की बांधावरचा माणूस तोच राहतो, आंब्याचे झाडही तेच राहते, परंतु कचेरीच्या लेखी ती जमीन दुसऱ्याची होते. हे भय कल्पनेतले नव्हे. गोव्यात बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींचा तपास करण्यासाठी २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या प्रकरणांत जुन्या पोर्तुगीजकालीन कागदांचा प्रश्न होता, संगणकाचा नव्हे. परंतु त्यातून जो बोध घ्यावयाचा तो दोहोंस सारखाच लागू पडतो. दप्तर चोरीस जाणे ही एक आपत्ती. दप्तर जागेवर असताना त्यातील मजकूर गुपचूप बदलला जाणे ही त्याहून मोठी, कारण चोरी लवकर ध्यानात येते आणि बदल वर्षानुवर्षे येत नाही.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. शिवकालीन पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना स्मरेल, की पत्राचा मजकूर संपताच त्याखाली मोर्तब उमटविली जाई. ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असलेली ती लहानशी मुद्रा शोभेसाठी नव्हती. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक शब्दही घुसडू नये, हा तिचा अर्थ. कागद जोडून लांब केलेला असेल तर पाठीमागच्या जोडावरही शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा चिकटविता येऊ नये. ‘रुजू’, ‘बार’ असे शेरे पडत, त्यांवरून कागद तपासला गेला, नोंदला गेला हे कळे. आजचा डेटाबेस प्रशासक हेच काम निराळ्या साधनांनी करतो. प्रत्येक व्यवहारामागे कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रावरून, कोणती नोंद पाहिली वा बदलली याची एक स्वतंत्र रोजकीर्द यंत्र आपोआप लिहीत जाते. तिला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. डिजिटल स्वाक्षरी हे मोर्तबीचेच आधुनिक रूप होय. कागदपत्रातील एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही.

रोजकीर्दीची एक अट मात्र कटाक्षाने पाळावी लागते. ज्याच्यावर नजर ठेवावयाची, त्याच्याच हाती ती वही असता कामा नये. प्रशासकाला डेटाबेसमध्ये सर्वाधिकार असतात, म्हणून त्याच्या हालचालींची नोंद त्याला खोडता येणार नाही अशा दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावी लागते. यात प्रशासकावर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. खजिन्याला दोन किल्ल्या असत आणि त्या दोन माणसांकडे असत, याने खजिनदाराचा अपमान झाला असे कधी कोणी मानले नाही. उलट पैसे कमी भरले तर तोच त्या दुसऱ्या किल्लीने वाचत असे.

किल्लीचा विषय निघालाच आहे, तर कचेऱ्यांतील एका सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. साहेबांचा पासवर्ड लिपिकाला ठाऊक असतो, लिपिकाचा शिपायाला, आणि तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो. साहेब दौऱ्यावर असतात, कामे अडू नयेत, हा त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण मग रोजकीर्दीत साहेबांचे नाव येते आणि हात दुसऱ्याचाच असतो. एका नावाने चार माणसे काम करीत असतील तर ती रोजकीर्द लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखेच. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या गेल्या तेव्हा तालुका कचेरीतील कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटविण्याची व्यवस्था केली होती, ती याच कारणाने. बेळगाव भागातील शेतकऱ्यांना ती योजना परिचयाची आहे. बोट उसने देता येत नाही, पासवर्ड देता येतो.

याच ओघात अधिकारांच्या मर्यादेचा विचार येतो. ज्या लिपिकाचे काम उतारा छापून देण्याचे आहे, त्याला नोंद वाचण्याचा अधिकार पुरे, बदलण्याचा कशाला? शाळेतील ज्या शिक्षकाकडे हजेरीची जबाबदारी आहे त्याला साऱ्या तालुक्यातील मुलांचे पत्ते दिसण्याचे प्रयोजन नाही. प्रशासक असे अधिकार काटेकोरपणे वाटतो तेव्हा तो अडवणूक करतो अशी तक्रार होते. बदली झालेल्या माणसाचे अधिकार त्याच दिवशी काढून घ्यावेत, हा साधा नियमही बऱ्याचदा निरोपसमारंभाच्या हारतुऱ्यांत राहून जातो.

आता बाहेरच्या चोराकडे वळू. डेटाबेसवरील हल्ल्यांत एक प्रकार इतका जुना आणि इतका सोपा आहे, की तो समजून घेण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही. समजा, कचेरीत एक छापील अर्ज आहे. त्यात ‘अर्जदाराचे नाव’ या रकान्यात जे लिहिले असेल ते वाचून शिपाई दप्तरातून त्या नावाचा कागद काढून आणतो. एक लबाड अर्जदार त्या रकान्यात आपल्या नावापुढे लिहितो, ‘आणि कपाटातील बाकीचे सर्व कागदही घेऊन ये’. शिपाई विचार करीत नाही. रकान्यात लिहिलेले सारे त्याला हुकूमच वाटते. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची जी भाषा आहे, तिला एसक्यूएल म्हणतात, आणि तिच्या बाबतीत ही लबाडी करता येते हे १९९८ साली एका नियतकालिकातून जाहीरपणे मांडले गेले. उपायही तेव्हापासून ठाऊक आहे. शिपायाला आधीच बजावून ठेवावयाचे, की या रकान्यात काहीही लिहिलेले असो, ते नाव म्हणूनच वाचावे, हुकूम म्हणून कधीही नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही दक्षता घेतली की काम संपले. असे असूनही २०२३ साली ‘मूव्हइट’ नावाच्या, फाइली पाठविण्याच्या एका प्रसिद्ध प्रणालीत हीच त्रुटी सापडली आणि जगभरच्या अनेक संस्थांची माहिती त्या वाटेने बाहेर गेली. पाव शतकात रोगही कळला होता आणि औषधही. ते घेतले मात्र गेले नव्हते.

औषध वेळेवर न घेतल्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘स्लॅमर’ या नावाने ओळखले जाते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमध्ये डेव्हिड लिचफील्ड या संशोधकाला एक दोष आढळला. त्याने तो कंपनीस कळविला आणि जुलै २००२ मध्ये कंपनीने दुरुस्ती प्रसिद्ध केली. दुरुस्ती फुकट होती. ती बसविण्याचे काम तेवढे बाकी होते. सहा महिन्यांनी, २५ जानेवारी २००३ रोजी, अवघ्या ३७६ बाइट लांबीचा एक प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. पोस्टकार्डावर मावेल एवढा तो मजकूर. आरंभीच्या काळात दर साडेआठ सेकंदांनी त्याने ग्रासलेल्या यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांच्या आत, जेवढी म्हणून दुरुस्त न केलेली यंत्रे त्याच्या आटोक्यात होती त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्याने गाठली. हा आकडा पंचाहत्तर हजारांच्या घरात जातो. त्याने एकही नोंद पुसली नाही, काही चोरले नाही. केवळ स्वतःच्या प्रती पाठविण्याच्या गर्दीनेच वाटा तुंबल्या. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची पैसे देणारी यंत्रे थंडावली, विमानांची उड्डाणे खोळंबली, सिएटलजवळच्या एका आणीबाणी सेवेच्या केंद्रातील कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत जाळ्यातील काही यंत्रेही त्यात सापडली, म्हणजे वैद्याच्या घरीही ते औषध सर्वांनी घेतलेले नव्हते.

या घटनेतील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी, की ज्यांच्या यंत्रांत हा डेटाबेस होता त्यांतील कित्येकांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हते. दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रोग्रामच्या पोटात त्याची लहान आवृत्ती आलेली होती. घरात किती दारे आहेत हे ज्याला माहीत नाही, त्याने कुलपे लावावीत तरी कशाला? ओहायो राज्यातील डेव्हिस-बेस या अणुवीज केंद्रात हा उपद्रव एका कंत्राटदाराच्या जोडणीतून शिरला. पुढच्या दाराला उत्तम पहारा होता, ही जोडणी त्याला वळसा घालून आत आलेली होती. सुरक्षिततेची स्थिती दाखविणारी यंत्रणा तेथे काही तास बंद पडली. केंद्र त्या वेळी वीजनिर्मिती करीत नव्हते म्हणून अनर्थ टळला.

दुसरी गोष्ट लेखणीची आहे. लिचफील्डने २००२ च्या उन्हाळ्यात लास व्हेगास येथील तज्ज्ञांच्या मेळाव्यात तो दोष कसा वापरता येतो याचे प्रात्यक्षिक दाखविले होते आणि नमुन्याचा मजकूरही खुला केला होता. हेतू असा, की धोका डोळ्यांनी दिसला म्हणजे प्रशासक जागे होतील. परंतु स्लॅमर ज्याने लिहिला त्याने तोच नमुना पुढे ठेवलेला दिसतो, आणि लिचफील्डने नंतर असे नमुने यापुढे प्रसिद्ध करावेत की नाही याचा जाहीरपणे फेरविचार केला. दोष दडवून ठेवला तर तो चोरालाच ठाऊक राहतो. सविस्तर छापला तर जो चोर नव्हता त्यालाही वाट सापडते. या पेचाचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. कंपनीला आधी कळवावे, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी आणि मग लिहावे, एवढी रीत मात्र आता रूढ झाली आहे.

डेटाबेस प्रशासकाने लिहावे की नाही, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. अनेक अधिकाऱ्यांचा कल न लिहिण्याकडे असतो. घडले ते घडले, फाइल बंद करावी, बाहेर वाच्यता नको. ही वृत्ती स्वाभाविक आहे, पण तिने दप्तर सुरक्षित होत नाही. याचे एक मोठे उदाहरण जरा विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

गिटलॅब ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या डेटाबेसवर अकस्मात ताण वाढला. मुख्य डेटाबेसशेजारी एक दुय्यम डेटाबेस असे. मुख्य यंत्रात जे घडेल त्याची नक्कल तो करीत राही. ताणामुळे ही नक्कल मागे पडली आणि थांबली. ती पुन्हा सुरू करण्यासाठी एक अभियंता उशिरापर्यंत झटत होता. दुय्यम यंत्रावरचा जुना, अर्धवट साठा पुसून पुन्हा आरंभ करावा असे त्याने ठरविले. त्याने आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांतच त्याच्या ध्यानात आले, की आपण मुख्य यंत्रासमोर बसलो आहोत. त्याने हात आवरला, परंतु सुमारे तीनशे गिगाबाइट माहितीपैकी साडेचार गिगाबाइटच शिल्लक राहिली होती. दोन्ही यंत्रांच्या पडद्यांवर काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरे तीच, नावांत फरक एका अंकाचा. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या रुमालांतून भलताच रुमाल भट्टीत जावा, तसे झाले.

यापुढचा भाग अधिक शिकविणारा आहे. राखीव प्रती घेण्याचे अनेक मार्ग त्या कंपनीने योजलेले होते. रोज एक प्रत घेऊन दूरच्या साठ्यात पाठविण्याची व्यवस्था होती. पाहतात तो तो साठा रिकामा. प्रत काढणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो रोज निमूटपणे अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ईमेल तो पाठवीत होता, पण त्यांवर योग्य ती सही नसल्याने टपाल स्वीकारणारे यंत्र ती बाहेरच्या बाहेर परतवीत होते. चकतीची प्रत घेण्याची सोय उपलब्ध होती; ती डेटाबेसच्या यंत्रांपुरती चालूच केलेली नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती एक योगायोगाची प्रत. दुर्घटनेच्या सुमारे सहा तास आधी, चाचणीच्या कामासाठी म्हणून, त्याच अभियंत्याने स्वहस्ते एक प्रत घेऊन ठेवलेली होती. तिच्यावरून डेटाबेस उभा करण्यास दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. मधल्या सहा-साडेसहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. सुमारे पाच हजार प्रकल्पांची, तितक्याच अभिप्रायांची आणि सातशे नव्या खात्यांची माहिती त्यांत होती.

त्या कंपनीने यानंतर जे केले ते आपल्या कचेऱ्यांतील रिवाजाच्या अगदी उलट आहे. दुरुस्तीचे काम चालू असतानाच त्याची टिपणे तिने सर्वांस वाचण्यास खुली ठेवली, कर्मचारी काम करीत असतानाचे चित्रणही प्रक्षेपित केले, आणि १० फेब्रुवारी २०१७ रोजी घटनेचा साद्यंत वृत्तांत प्रसिद्ध केला. कोणती आज्ञा कोठे दिली, कोणती प्रत का निकामी ठरली, सूचना का पोचल्या नाहीत, सारे त्यात आहे. त्या अभियंत्याचे नाव मात्र नाही. त्याचा उल्लेख ‘पहिला कर्मचारी’ असा केलेला आहे. दोष एका थकलेल्या माणसाच्या बोटावर न ढकलता, असे बोट पडले तरी दप्तर पुसले जाऊ नये अशी व्यवस्था का नव्हती, याचा शोध त्या वृत्तांताने घेतला. राखीव प्रतींवर लक्ष ठेवण्याचे काम निश्चितपणे कोणा एकाचे नव्हते, ही कबुली त्यात आहे, आणि ती अशा अनेक कार्यालयांना लागू पडेल. तो वृत्तांत वाचून ठिकठिकाणच्या प्रशासकांनी आपापले राखीव साठे उघडून पाहिले असतील, तर त्या एका लेखाने केलेले काम शंभर परिपत्रकांना झाले नसते.

अर्थात लिहिण्यालाही मर्यादा आहे. आपली यंत्रे कोणती, त्यांची आवृत्ती कोणती, कोणती दुरुस्ती अद्याप बसविलेली नाही, जाळ्याची रचना कशी आहे, या गोष्टी चव्हाट्यावर मांडावयाच्या नसतात. अडचण सोडविण्यासाठी प्रशासक बाहेरच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतो तेव्हा पडद्याचे छायाचित्र पाठवितो; त्या छायाचित्रात खऱ्या माणसांची खरी नावे असतात हे घाईत विसरले जाते. सल्ल्यासाठी बनावट नावांचा नमुना तयार करण्यास पाच मिनिटे लागतात. मोर्तबीखाली काही लिहू नये हा दंडक येथेही आहेच. मोर्तब कोठे उमटवावयाची, एवढे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते.

राखीव प्रत खरोखर कामी आल्याचे उदाहरण आपल्या देशातील आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक रूपात बदलून निरुपयोगी केली. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सारे काही पंधरवडाभर हाताने लिहावे लागले. केसपेपर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या परगावच्या रुग्णांचे त्या दिवसांत काय झाले असेल, याची कल्पना ज्याने सरकारी इस्पितळाची रांग पाहिली आहे त्याला सहज येईल. जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे एका खोलीला लागलेली आग दुसरीत जाऊ नये यासाठी मधे भिंत हवी होती, ती पुरेशी नव्हती. परंतु एक राखीव सर्व्हर या हल्ल्यातून वाचला होता. त्याच्यावरून रुग्णालयाच्या नोंदी परत मिळविता आल्या.

यावरून लहान कचेऱ्यांनी आणि शाळांनी घ्यावयाचा धडा फार खर्चाचा नाही. राखीव प्रत त्याच यंत्रात, त्याच खोलीत, त्याच विजेच्या तारेवर ठेवली तर ती राखीव राहत नाही. प्रत घेतल्यावर चकती यंत्रापासून सोडवून दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाच-दहा नोंदी प्रत्यक्ष ताडून पाहाव्यात. बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी चार दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतो. प्रतीच्या बाबतीतही तेच करावयाचे.

शिक्षक आणि ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. माहिती फुटते ती नेहमी चोराकडूनच फुटते असे नाही. २०१७ साली केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थींच्या नावांसोबत त्यांचे आधार क्रमांकही झळकले होते. कोणी कुलूप तोडले नव्हते. पारदर्शकता हवी म्हणून याद्या लावल्या गेल्या आणि लावताना कोणता रकाना झाकावा याचा विचार झाला नाही. शाळेच्या फलकावर शिष्यवृत्तीची यादी लावताना मुलीचे नाव आणि इयत्ता पुरे असते. तिचा बँक खाते क्रमांक, वडिलांचा दूरध्वनी आणि आधार क्रमांक तेथे कशासाठी? ती यादी मोबाइलने टिपून गावभर फिरविण्यास एक क्षण लागतो आणि ती परत गोळा करण्याचा उपाय अद्याप निघालेला नाही. माहिती जपण्यात कसूर करणाऱ्या संस्थेस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्यात आहे. दंडाच्या भीतीने यादी झाकली गेली तरी हरकत नाही, पण त्या मुलीच्या बापाने क्रमांक विश्वासाने लिहून दिला होता, हे कारण त्याआधीचे आहे.

आणि तरीही घात झालाच तर काय करावे? संगणकांवरील हल्ल्यांची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार असा प्रकार ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावे लागते, आणि यंत्रांच्या रोजकीर्दी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवण्याचा आदेशही त्यात आहे. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. परंतु एका यंत्राचे घड्याळ सात मिनिटे पुढे आणि दुसऱ्याचे चार मिनिटे मागे असेल, तर चोर आधी कोणत्या दाराने आला आणि मग कोठे गेला याचा क्रम लावताच येत नाही. ग्रामस्थाच्या बँक खात्यातून फसवणुकीने पैसे गेले असतील तर त्याने १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

कचेरीत असा प्रसंग आला की पहिली ऊर्मी यंत्र पुसून नव्याने सुरू करण्याची होते, कारण बाहेर लोक खोळंबलेले असतात. ती आवरावी. यंत्राची जाळ्याशी असलेली जोडणी तोडावी, यंत्र तसेच राहू द्यावे, आणि एका साध्या कागदावर घड्याळ पाहून लिहावे, की किती वाजता काय दिसले, त्या वेळी यंत्रापाशी कोण होते, कोणी कोणती कळ दाबली. कोणाची चूक, हे त्या कागदावर लिहू नये. त्याखाली जे हजर असतील त्यांनी सही करावी, आणि सही संपते तेथे आडवी रेघ ओढावी.